बाहुली की आकृती? : ‘जी. आय. जो’ या सैनिकी खेळण्याच्या नामकरणाचा इतिहास

१

वस्तूंचा इतिहास लिहिताना त्यांचे द्रव्य, आकार, मूल्य आणि प्रसार यांची नोंद साक्षेपाने केली जाते. त्यांच्या नावांकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. नाव ही वस्तूला मागाहून चिकटवलेली चिठ्ठी आहे, असा समज या दुर्लक्षामागे असतो. काही वस्तूंच्या बाबतीत तो पुरता उलटा ठरतो. तेथे नावाचा निर्णय आधी होतो आणि त्या नावाला साजेल असे रूप वस्तूला मागाहून दिले जाते. अमेरिकेत १९६४ साली बाजारात आलेले ‘जी. आय. जो’ हे सैनिकी खेळणे या प्रकारचे ठळक उदाहरण होय.

सुमारे साडेअकरा इंच उंचीची, प्लास्टिकची, सांध्यांवर वाकणारी ही पुरुषाकृती. तिला कापडाचा गणवेश चढवावयाचा, तो उतरवून दुसरा घालावयाचा, पायांत बूट सरकवावयाचे, डोक्यावर शिरस्त्राण ठेवावयाचे, असा तिच्याशी खेळण्याचा प्रकार. हे वर्णन ऐकून कोणीही या वस्तूला बाहुलीच म्हणेल. पण तिच्या निर्मात्यांनी नेमका हाच शब्द कटाक्षाने टाळला आणि त्याच्या जागी ‘ॲक्शन फिगर’, म्हणजे कृती करणारी आकृती, ही संज्ञा रूढ केली. पुढे पंचवीस वर्षांनी अमेरिकेच्या न्यायालयाने ही वस्तू कायद्याच्या दृष्टीने बाहुलीच आहे असा निर्णय दिला. तरीही लोकव्यवहारात टिकली ती नवी संज्ञाच. एक शब्द टाळण्याच्या या खटाटोपातून एक नवा व्यापार, खेळाची एक नवी रीत आणि पुढे संग्राहकांचे एक नवे शास्त्र कसे उभे राहिले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. आकृतीबरोबर विकल्या जाणाऱ्या साधनसामग्रीचा विचार त्यात ओघानेच येतो. किंबहुना नव्या नावाचा भार मुख्यतः या सामग्रीनेच वाहिला, हेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

प्रथम टाळलेल्या शब्दाचा विचार करू. इंग्रजीतील ‘डॉल’ हा शब्द मुळात स्त्रीचे नाव आहे. ‘डॉरथी’ या नावाचे ते लाडके, संक्षिप्त रूप. सोळाव्या शतकात ते सखी, प्रेयसी या अर्थाने आढळते आणि मुलींच्या खेळण्याचा अर्थ त्याला सतराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास आलेला दिसतो. म्हणजे खेळण्यातील आकृती पुरुषाची असली, तरी तिला ‘डॉल’ म्हणताना एका स्त्रीनामानेच हाक मारली जाते. इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंगाचा प्रत्यय नसल्यामुळे या शब्दाचे पुल्लिंगी रूप करण्याची सोयही त्या भाषेत नाही.

मराठीची स्थिती येथे वेगळी आहे. ‘बाहुला’, ‘बाहुली’, ‘बाहुले’ अशी तिन्ही लिंगांची रूपे मराठीत सिद्ध आहेत आणि प्रत्येकाचे क्षेत्रही निराळे आहे. बाहुला-बाहुलीच्या लग्नात बाहुला हा रीतसर नवरदेव असतो. ‘कळसूत्री बाहुले’ म्हणजे दुसऱ्याच्या तंत्राने नाचणारा माणूस. लाकडी बाहुलीला आपल्याकडे ‘ठकी’ असेही म्हणतात आणि ठकी हे खेड्यापाड्यांतील स्त्रियांचेही नाव आहे. तेवढ्यापुरते ‘डॉल’शी साम्य दिसते. पण पुरुषाकृतीसाठी मराठी बोलणाऱ्याला शब्द शोधावा लागत नाही. प्रत्यय बदलला की काम भागते. १९६३ साली अमेरिकन कारखानदारापुढे उभी राहिलेली अडचण काही अंशी त्याच्या भाषेच्या घडणीतून आलेली होती, हे या तुलनेवरून स्पष्ट व्हावे.

आता स्वीकारलेल्या नावाकडे वळू. ‘जी. आय.’ ही अक्षरे अमेरिकन सैन्याच्या भांडारनोंदींतून आलेली आहेत. जस्त चढवलेल्या लोखंडाच्या, म्हणजे ‘गॅल्व्हनाइज्ड आयर्न’च्या, बादल्या आणि डबे यांच्या नोंदीत ती संक्षेपाने लिहीत. पुढे मूळ अर्थ विसरला गेला आणि ‘गव्हर्न्मेंट इश्यू’, म्हणजे सरकारी वाटपाची वस्तू, असा नवा विग्रह त्यांना चिकटला. साबण, बूट, गणवेश या क्रमाने त्यांचा अर्थविस्तार होत होत दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत ती प्रत्यक्ष सैनिकालाच लागू झाली. सरकारी मालाची खूण शेवटी तो माल अंगावर वागवणाऱ्या माणसावर उमटली. ‘जो’ हे तर अमेरिकेतील सर्वसामान्य माणसाचे नाव. या दोहोंची जोडी व्यंगचित्रकार डेव्ह ब्रेगर यांनी सैनिकांसाठी निघणाऱ्या ‘यँक’ या साप्ताहिकातील आपल्या चित्रमालिकेसाठी १९४२ साली वापरली. युद्धवार्ताहर एर्नी पाइल यांच्या लेखनावर आधारलेला ‘द स्टोरी ऑफ जी. आय. जो’ हा चित्रपट १९४५ साली प्रदर्शित झाला. नाव अशा रीतीने खेळण्याच्या आधी वीस वर्षे लोकांच्या तोंडी होते आणि त्यात सेनापतीचा दिमाख नव्हता; अनामिक शिपायाविषयीची आपुलकी होती.

३

खेळण्याची कल्पना १९६३ मधली. ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट येथील हॅसेनफेल्ड ब्रदर्स ही कंपनी १९२३ साली कापडाच्या तुकड्यांच्या व्यवहारापासून सुरू झाली. पुढे ती पेन्सिलपेट्या आणि खेळणी बनवू लागली. हॅस्ब्रो हे तिचे पुढचे प्रसिद्ध नाव याच आडनावाच्या संक्षेपाने बनले आहे. स्टॅन वेस्टन या परवाना-दलालाने तिच्यापुढे एक प्रस्ताव मांडला. नौसैनिक पथकातील एका तरुण अधिकाऱ्याच्या जीवनावर ‘द लेफ्टनंट’ ही दूरदर्शन-मालिका त्या वर्षी येत होती; तिला जोडून मुलांसाठी सैनिकी आकृती काढाव्यात, असा तो प्रस्ताव होता. मॅटेल कंपनीची बार्बी ही बाहुली १९५९ साली बाजारात येऊन प्रचंड यशस्वी झाली होती. बाहुली एकदा घ्यावयाची आणि तिचे पोशाख पुनःपुन्हा घेत राहावयाचे, हा त्या यशाचा पाया. हीच रीत मुलग्यांच्या खेळण्याला लावता येईल काय, हा खरा प्रश्न होता.

कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख डॉन लेव्हीन यांनी तो हाती घेतला. लेव्हीन स्वतः कोरियाच्या युद्धात सैनिक होते. चित्रकार वापरतात तो सांध्यांचा लाकडी मानवी सांगाडा एका दुकानाच्या काचेआड पाहून त्यांना हलत्या सांध्यांची कल्पना सुचली, असे सांगतात. मालिकेशी नाते जोडण्याचा विचार मात्र सोडून देण्यात आला आणि तो निर्णय शहाणपणाचा ठरला. ‘द लेफ्टनंट’ एका हंगामानंतर १९६४ मध्ये बंद पडली. वेस्टन यांनी आपल्या कल्पनेचे एक लाख डॉलर एकरकमी घेतले.

नामकरणाच्या दृष्टीने या टप्प्यावरील एक गोष्ट महत्त्वाची आहे. आरंभी तीन आकृत्यांना तीन स्वतंत्र नावे योजली होती : भूमीवरील लढवय्या ‘रॉकी’, नाविक ‘स्किप’ आणि वैमानिक ‘एस’. ही तिन्ही विशेषनामे, बार्बीच्याच धर्तीची. ती टाकून सर्वांना मिळून ‘जी. आय. जो’ हे एकच नाव देण्यात आले. विशेषनामाच्या जागी रूपाने विशेषनाम, पण अर्थाने सामान्यनाम असलेला शब्द आला. बार्बी ही कोणीतरी एक मुलगी होती. जो हा कोणीही सैनिक होता. खेळणाऱ्या मुलाला त्याच्या जागी स्वतःला कल्पिणे त्यामुळे सोपे झाले.

१९६४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात भूसैनिक, नाविक, वैमानिक आणि मरीन अशा चार रूपांत हे खेळणे व्यापाऱ्यांपुढे आले. प्रत्येकाच्या नावामागे ‘ॲक्शन’ हे उपपद होते. एकवीस हलत्या भागांची जाहिरात झाली. विक्रेत्यांनी या वस्तूला ‘डॉल’ म्हणू नये अशी कंपनीची सक्त सूचना होती. या सूचनेमागची भीती उघड होती : मुलगा बाहुलीशी खेळणार नाही, आणि खेळू लागला तरी बाप ती विकत घेऊन देणार नाही. सॅम्युएल स्पीअर्स यांच्या नावे या आकृतीच्या सांध्यांचे पेटंट ११ ऑक्टोबर १९६६ रोजी मंजूर झाले. त्याच्या शीर्षकातही ‘हलत्या सांध्यांची खेळण्यातील आकृती’ असाच शब्दप्रयोग आहे. बाहुलीचा उल्लेख तेथेही नाही.

४

परंतु केवळ शब्द टाळल्याने वस्तूचे स्वरूप बदलत नाही. मुलाच्या हातात शेवटी कपडे बदलावयाची मानवाकृतीच होती. नव्या नावाला अर्थ प्राप्त करून दिला तो साधनसामग्रीने. बार्बीला पोशाख होते; जोला ‘इक्विपमेंट’, म्हणजे सरंजाम, होता. रायफल, संगीन, हातबाँब, काडतुसांचा पट्टा, पाण्याची बाटली, पाठपिशवी, तंबू, खंदक खणण्याचे फावडे, क्षेत्रीय दूरध्वनी, गळ्यातील ओळखबिल्ला आणि हे सर्व ठेवण्यासाठी हिरव्या रंगाची लाकडी पेटी, अशी ही यादी होती. कपडे चढवण्याची क्रिया तीच. पण तिला ‘नटवणे’ न म्हणता ‘सज्ज करणे’ म्हणता येऊ लागले. मुलाच्या हाताने बटण लावले, पट्टा आवळला, बूट चढवला; जे काम त्याच्या बहिणीच्या हातून बाहुलीसाठी होत होते, तेच त्याने केले. नावाने त्याला त्या कामाची मुभा दिली. युद्धाच्या आवरणाखाली अमेरिकन मुलग्याला प्रथमच एका मानवाकृतीची निगा राखण्याची मोकळीक मिळाली, हा या खेळण्याच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण विरोधाभास होय.

व्यापारी दृष्ट्याही सामग्रीच प्रधान होती. दाढीचा वस्तरा स्वस्त विकावा आणि नफा पात्यांवर मिळवावा, हे अमेरिकन व्यापारातील प्रसिद्ध तत्त्व येथे जसेच्या तसे लागू झाले. आकृती एकदाच विकली जाई. सामग्रीची पुडकी मात्र वाढदिवसागणिक आणि नाताळागणिक घ्यावी लागत. १९६६ मध्ये मर्क्युरी यानाच्या नमुन्यावर बेतलेली अंतराळकुपी आली आणि तिच्यासोबत ध्वनिमुद्रिकाही आली. १९६७ मध्ये ओळखबिल्ल्याची दोरी ओढताच आज्ञा उच्चारणारा बोलका जो निघाला. सामग्री खऱ्या वस्तूंशी तंतोतंत जुळावी असा आग्रह असल्यामुळे प्रत्येक लहान जिनसाला त्याचे खरे सैनिकी नाव होते. हजारो मुलांनी सैन्याची परिभाषा प्रथम येथे आत्मसात केली. भांडाराच्या नोंदीतून सुरू झालेला ‘जी. आय.’ या अक्षरांचा प्रवास खेळण्याच्या रूपाने पुन्हा भांडाराच्या यादीपाशी येऊन पोहोचला, असे म्हणता येईल.

५

मानवी देहाच्या सर्वसाधारण आकारावर कोणाची मालकी सांगता येत नाही. नक्कल ओळखता यावी म्हणून जोच्या उजव्या गालावर जखमेचा व्रण कोरण्यात आला. उजव्या हाताच्या अंगठ्याचे नख वरच्या बाजूस न येता आतल्या बाजूस आले आहे. तीही पुढे अस्सलपणाची खूणच ठरली. मुलांच्या दृष्टीने गालावरचा व्रण शौर्याचे चिन्ह होते, कंपनीच्या दृष्टीने ती मालकीची मोहोर होती. एकाच चिन्हाचे हे दोन अर्थ दोन वाचकवर्गांत परस्परांस बाध न आणता नांदले.

आज संग्राहक या आकृतीकडे पाहतात ते एखाद्या ताम्रपटाकडे पाहावे तसे. आकृतीच्या पाठीमागे, कमरेखाली, मालकीची अक्षरे उठवलेली असतात. त्यांत पेटंट ‘प्रलंबित’ असल्याचा निर्देश असेल, तर ती पहिल्या वर्षांतली. ३,२७७,६०२ हा पेटंट-क्रमांक असेल, तर ती पेटंट मंजूर झाल्यानंतरची. त्याच ठिकाणी १९६४ हे साल मात्र दीर्घकाळ तसेच राहिले आहे. ते हक्काच्या नोंदणीचे साल आहे, निर्मितीचे नव्हे; आणि नवशिक्या संग्राहकाची फसगत बहुधा येथेच होते. लेखातील काळ आणि लेख कोरल्याचा काळ यांत भेद करावा, हा पुराभिलेखांच्या अभ्यासकाला परिचित असलेला नियम प्लास्टिकच्या खेळण्यालाही लागू पडतो.

दुर्मिळतेचा नियमही उद्बोधक आहे. आकृत्या टिकल्या, सामग्री हरवली. अंगणात, वाळूत आणि गालिच्याखाली गेलेले पट्टे, बिल्ले आणि संगिनी यांमुळे पूर्ण संच विरळा झाला आणि पूर्णतेला किंमत आली. ज्या जिनसा सर्वांत क्षुल्लक म्हणून हरवल्या, त्याच पुढे मूल्याच्या निर्णायक ठरल्या. लेव्हीन यांचा १९६३ सालचा हाताने घडवलेला मूळ नमुना २००३ मध्ये लिलावात दोन लाख डॉलरला विकला गेला. वेस्टन यांना अख्ख्या कल्पनेचे जे मोल मिळाले, त्याच्या दुप्पट आकड्याला तिचा एक नमुना गेला. अर्थात मधल्या चाळीस वर्षांत डॉलरचे मूल्य पुष्कळच घटले होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

६

‘कोणीही सैनिक’ या नावाची व्याप्ती किती, याची कसोटी लवकरच लागली. १९६५ मध्ये कृष्णवर्णीय सैनिकाची आकृती निघाली. चेहऱ्याचा साचा तोच ठेवून केवळ वर्ण बदलण्यात आला होता. १९६६ मध्ये ‘जगातील सैनिक’ या मालेत जर्मन, जपानी, रशियन, फ्रेंच, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन अशा सहा आकृत्या आल्या. वीस वर्षांपूर्वीचे शत्रू मित्रांच्या शेजारी एकाच मांडणीवर उभे राहिले. १९६७ मध्ये परिचारिकेची आकृती काढण्यात आली, आणि ती मात्र सपशेल फसली. मुलग्यांना ती बाहुली वाटली. मुलींना ती सैनिकांच्या मांडणीवर शोधावीशी वाटली नाही. ‘बाहुली’ या शब्दाविरुद्ध उभारलेली भिंत येथे कंपनीलाच आडवी आली. विक्री कमी झाल्यामुळे हीच आकृती आज संग्राहकांना सर्वाधिक हव्या असलेल्या आकृत्यांपैकी एक आहे.

याहून मोठा आघात बाहेरून झाला. १९६५ पासून व्हिएतनाममध्ये अमेरिकन पायदळ उतरले आणि सैनिक हा शब्द घराघरांत वादाचा विषय झाला. जो हा दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणीतून जन्मला होता. पण दूरदर्शनच्या पडद्यावर आता निराळे युद्ध दिसत होते. सैनिकी खेळण्यांविरुद्ध पालकांत कुजबुज वाढली, विक्री घटली. कंपनीने यावर योजलेला उपायही मूलतः शाब्दिक होता. १९७० मध्ये सैनिकाचा ‘साहसवीर’ झाला. ‘ॲडव्हेंचर टीम’ या नावाखाली तोच देह, गालावरचा तोच व्रण, पण हातात रायफलऐवजी प्राचीन ममीचा किंवा पांढऱ्या वाघाचा शोध. डोक्यावर रंगवलेल्या केसांच्या जागी तंतूंचे केस आले. ही युक्ती ब्रिटनमधील पॅलिटॉय कंपनीची. १९७४ मध्ये वस्तू पकडता येईल असा लवचीक पंजा आला. गणवेश उतरला तरी सामग्री राहिली, आणि सामग्री होती म्हणून ‘ॲक्शन’ हे विशेषणही राहिले. नावाची पाळेमुळे युद्धाहूनही सरंजामात अधिक खोल रुजली होती, याचा याहून सबळ पुरावा सापडणे कठीण. पुढे १९७३ च्या तेलसंकटाने प्लास्टिक महाग झाले आणि १९७६ मध्ये साडेअकरा इंची जो थांबला.

१९८२ मध्ये तो परतला तो पावणेचार इंचांचा होऊन. केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाच्या आकृत्यांसाठी १९७८ मध्ये हे माप रूढ केले होते. देह लहान झाल्यामुळे कपडे बदलण्याचा प्रश्नच उरला नाही. गणवेश अंगावरच साच्यातून उठवलेला आला. बाहुलीशी असलेले शेवटचे दृश्य नाते अशा रीतीने तुटले. सामग्रीचे प्रमाण मात्र वाढले : १९८५ मध्ये आलेली विमानवाहू नौका साडेसात फूट लांब होती. आणि नावाच्या अर्थाने आणखी एक वळण घेतले. ‘जी. आय. जो’ हे आता एका व्यक्तीचे नाव उरले नाही. ते एका पथकाचे नाव झाले, आणि पथकातील प्रत्येकाला स्वतंत्र टोपणनाव मिळाले. पहिल्याच वर्षीच्या संचात स्कार्लेट ही स्त्री-योद्धाही होती. वेष्टनाच्या मागे कापून ठेवण्याजोगे एक पत्रक छापलेले असे. त्यावर खरे नाव, जन्मस्थान, हुद्दा, प्रावीण्य आणि स्वभाव यांची नोंद असे. अमेरिकन सैन्यात सेवा केलेले लॅरी हामा यांनी या पत्रकांचे लेखन केले आणि मार्व्हलच्या चित्रकथामालेच्या १९८२ ते १९९४ या काळातील बहुतेक सर्व कथाही त्यांच्याच. १९६४ चा जो चेहऱ्याचा होता पण चरित्राचा नव्हता. १९८२ च्या आकृतीला चरित्र मिळाले. सामग्रीत आता शब्दांचीही भर पडली, असे याचे वर्णन करता येईल.

७

नावाचा अधिकृत निवाडा अखेर जकातीच्या प्रश्नावर झाला. अमेरिकेच्या तत्कालीन जकात-सूचीत बाहुल्या आणि इतर खेळणी यांची कलमे निराळी होती. परदेशातून येणाऱ्या जोच्या आकृत्यांना सीमाशुल्क खात्याने बाहुल्यांचे कलम लावले. कंपनीने त्यास न्यायालयात आव्हान दिले. आपला माल बाहुली नव्हे, ही एका पिढीची जाहिरात आता कायदेशीर युक्तिवादाच्या रूपाने मांडली गेली. आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने १९८८ मध्ये आणि वरिष्ठ न्यायालयाने १९८९ मध्ये तो अमान्य केला. मानवाचे प्रतिरूप असलेले हे खेळणे बाहुली या संज्ञेत मोडते, असा निष्कर्ष निघाला. मुलगा खेळतो की मुलगी, हातात बंदूक आहे की आरसा, यावरून जात ठरली नाही. आकार कोणाचा आहे, यावरून ठरली.

या निर्णयाचे तर्कपर्यवसान २००३ मध्ये दिसले. ‘एक्स-मेन’ मालेतील पात्रांच्या आकृत्या बाहुल्या नव्हेत, कारण ती पात्रे पूर्णतः मानव नाहीत, असा निर्णय त्याच व्यापार न्यायालयाच्या न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी दिला. त्या मालाच्या आयातीच्या काळी बाहुल्यांवर बारा टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के जकात होती. माणसाची प्रतिमा महाग आणि अमानुषाची स्वस्त, अशी ही विभागणी झाली. कायद्याने शब्दाच्या अर्थाला कडेकोट सीमा घातल्या. लोकांनी मात्र त्या सीमा मानल्या नाहीत. न्यायालयाने ज्याला बाहुली म्हटले, त्याला दुकानदार, मुले आणि शब्दकोश ‘ॲक्शन फिगर’च म्हणत राहिले. शब्दाचे भवितव्य अखेर वापर ठरवतो, निवाडा नव्हे.

शब्दाने उभी केलेली ही भिंत किती कृत्रिम होती, हे १९९३ च्या नाताळात एका खोडकर प्रयोगाने दाखवून दिले. ‘बार्बी लिबरेशन ऑर्गनायझेशन’ या गटाने बोलक्या बार्बीची आणि बोलक्या जोची ध्वनियंत्रे अदलाबदल करून खेळणी पुन्हा दुकानांत ठेवली. सैनिक खरेदीच्या गोष्टी बोलू लागला आणि बार्बी सूडाच्या गर्जना करू लागली. पालक दचकले ते यंत्र बिघडले म्हणून नव्हे. प्रत्येक वाक्य चुकीच्या देहातून आल्यामुळे ते वाक्य प्रथमच नीट ऐकू आले म्हणून. २००५ च्या फेब्रुवारीतील प्रसंग याहून गंभीर होता. इराकमधील एका गटाने अमेरिकन सैनिकास ओलीस धरल्याचा दावा करून त्याचे छायाचित्र प्रसृत केले. तो सैनिक म्हणजे ड्रॅगन मॉडेल्स या कंपनीची ‘कोडी’ नावाची आकृती आणि त्याच्यावर रोखलेली बंदूक म्हणजे त्याच संचातील सामग्री असल्याचे लवकरच उघड झाले. एक षष्ठांश मापाच्या या आकृत्या जोच्याच वंशातल्या, पण प्रौढ संग्राहकांसाठी केलेल्या. सामग्रीच्या तंतोतंतपणाचा जो आग्रह १९६४ मध्ये मुलाच्या समाधानासाठी धरला होता, त्याने काही तास का होईना, जगातील वृत्तसंस्थांना फसवले.

८

हे खेळणे देशोदेशी गेले तेव्हा त्याचे नाव क्वचितच जसेच्या तसे राहिले. ‘जी. आय.’ ही अक्षरे अमेरिकन सैन्याबाहेर निरर्थक. ब्रिटनमध्ये पॅलिटॉयने १९६६ मध्ये त्याला ‘ॲक्शन मॅन’ केले, ब्राझीलमध्ये एस्त्रेला कंपनीने ‘फाल्कन’ केले. जपानमध्ये ताकारा कंपनीने त्याच देहापासून १९७२ मध्ये पारदर्शक यंत्रमानव घडवला. त्या परंपरेतूनच पुढे ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही खेळणी जन्मली आणि ती १९८४ मध्ये हॅस्ब्रोमार्फतच अमेरिकेत गेली. भारतात फनस्कूल कंपनीने हॅस्ब्रोच्या परवान्याने पावणेचार इंची आकृत्या काढल्या. येथे इंग्रजी नाव तसेच राहिले. पण अमेरिकन आवृत्तीहून निराळ्या रंगसंगतीमुळे या भारतीय आकृत्या आज परदेशी संग्राहकही शोधतात.

महाराष्ट्रातील मुलांना सैनिकांच्या लहान आकृत्या मुळीच नव्या नव्हत्या. दिवाळीत मातीचा किल्ला करावयाचा, वर सिंहासनावर शिवाजी महाराज, बुरुजांवर तोफा, पायथ्याशी मावळे, अळिवाची हिरवळ आणि तिच्यातून जाणारी वाट, हा खेळ घरोघरचा. या मातीच्या आकृत्यांना मुले ‘चित्रे’ म्हणतात किंवा थेट ‘मावळे’ म्हणतात. ‘बाहुल्या’ म्हणत नाहीत. येथेही तो शब्द टळला आहे, पण कोणी सूचना काढून टाळलेला नाही. किल्ल्यावरचा मावळा कपडे बदलत नाही, हातात घेऊन लढवला जात नाही. तो आपल्या जागी उभा राहून किल्ला पुरा करतो. त्याची सामग्री म्हणजे सभोवतालचा किल्लाच, आणि तो मुलांनी स्वतःच्या हातांनी, चिखलात बोटे घालून केलेला असतो. अमेरिकन मुलाला सामग्री दुकानातून आणावी लागली. म्हणून तिच्या प्रत्येक जिनसाला नाव, किंमत आणि पुडके लागले. दोन्हीकडे आकृतीला अर्थ आला तो भोवतालच्या वस्तूंमुळे. फरक एवढाच की एकीकडे त्या वस्तू विकत मिळत होत्या.

२००४ मध्ये जी. आय. जोला अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी-सन्मानमंदिरात स्थान मिळाले. तेथे बार्बीला ते सहा वर्षे आधीच मिळालेले होते. ज्या शब्दाच्या भीतीने एक नवी संज्ञा घडली, त्या शब्दाने दूर ठेवलेल्या दोन आकृत्या आता एकाच छपराखाली आहेत. खेळण्यांच्या अभ्यासकाला येथून एक कामाचा धडा घेता येईल : वस्तूची नोंद करताना तिला काय म्हणत असत याबरोबरच, तिला काय म्हणावयाचे नाही असे ठरले होते, याचीही नोंद केली पाहिजे. टाळलेला शब्द कागदपत्रांत सहसा सापडत नाही. पण हरवलेल्या संगिनीप्रमाणे तोही संचाचाच भाग असतो, आणि तो हाती लागेपर्यंत संच पुरा झाला असे म्हणता येत नाही.